सांगलीत बसून मेटल टोन : पेडल घ्यावं, अ‍ॅम्प घ्यावा की दोन्ही सोडून लॅपटॉप?

हळदीचं_पोतं
नमस्कार मंडळी. मुक्काम विश्रामबाग, सांगली. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, म्हणजे वेळ आहे आणि पैसे नाहीत.

गिटार आयबानेझ जिओ, दोन हंबकर (दोन वेटोळ्यांचे पिकअप). अ‍ॅम्प १५ वॉटचा, साडेसहा इंची स्पीकर, गिटारबरोबर सेटमध्ये आलेला. त्यावर 'ओव्हरड्राइव्ह' लिहिलेलं एक बटण आहे. ते दाबलं की डब्यात गांधीलमाशी कोंडल्यासारखा आवाज येतो.

हवं काय, तर मेटॅलिका बँडचा ८६ सालचा टोन, थोडं स्लेयर, आणि जमलं तर स्वीडनचे एन्टूम्ड. बजेट २० हजार, ओढूनताणून २२. गॅदरिंगला वाजवायचंय. ड्रमर हरिपूरचा आहे, त्यांचं हळदीचं गोडाऊन रिकामं असलं की तिथं सराव करतो. एरवी घरी, आणि खाली घरमालक राहतात.

प्रश्न सरळ आहे. बॉसचं मेटल झोन, म्हणजे डिस्टॉर्शनचं (आवाज फाडून खरखरीत करणारं) पेडल, घेऊ का? जो तो त्याला शिव्या देतो, पण ज्याच्या त्याच्याकडे ते असतंच, हे कोडं सुटत नाही.

डाऊनपिक
गाव सातारा, पोटापाण्यासाठी पुणे.

भावा, मेटल झोन म्हणजे एमटी-२, १९९१ साली आलं आणि अजून विकलं जातंय. पेडल वाईट नाही, त्याची बटणं फिरवणारे हात वाईट आहेत. बाकीच्या स्वस्त डिस्टॉर्शनवर एकच टोनचा नॉब असतो. यावर लो आणि हाय वेगळे, शिवाय मिड, म्हणजे मधला पट्टा, कुठला उचलायचा ते ठरवायचा वेगळा नॉब, २०० हर्ट्झपासून ५ किलोहर्ट्झपर्यंत. एवढी सत्ता हातात आली की माणूस बिघडतो. डिस्ट फुल्ल, लो फुल्ल, हाय फुल्ल, मिड शून्य. खोलीत एकट्यानं वाजवताना वाटतं, आयला, हाच तो टोन! मग बँडबरोबर वाजवायला गेलं की गिटार गायब. खालचा भाग बेस आणि किक ड्रम खातात, वरचा सिंबल खातात, आणि मधला तूच शून्यावर नेऊन ठेवलेला असतो.

माझी सेटिंग: डिस्ट घड्याळाच्या ९ वर, लो १२, हाय ११, मिड १ वाजता, मिडची फ्रिक्वेन्सी साधारण मध्यावर. आणि अ‍ॅम्पच्या मागं 'रिटर्न' लिहिलेला जॅक असेल तर पेडल पुढं न लावता तिथं लाव. म्हणजे अ‍ॅम्पचा स्वतःचा प्रीअ‍ॅम्प (आवाज घडवणारा पहिला भाग) बाजूला पडतो आणि मेटल झोनच प्रीअ‍ॅम्प होतं. शिव्या देणाऱ्या निम्म्या लोकांनी हे केलेलंच नसतं.

सोल्डरवाला
कुपवाड एमआयडीसी. दिवसा मशीनची कंट्रोल पॅनेलं दुरुस्त करतो, रात्री अ‍ॅम्प.

डाऊनपिक म्हणतोय ते बरोबर आहे, पण चुकीच्या टोकाकडनं सुरुवात करतोय. पोरानं अ‍ॅम्प सांगितलाय बघा: साडेसहा इंची स्पीकर. गिटारची खालची मोकळी ई तार ८२ हर्ट्झवर वाजते. त्या खोक्यात ती वाजायला जागाच नाही. तिथं मेटल झोन लावा, नाहीतर सोन्याचं पेडल लावा, येणार तीच गांधीलमाशी. फक्त जास्त महागातली.

पेडल काय करतं ते समजून घ्या. तारेचा सिग्नल गुळगुळीत लाटेसारखा असतो. तो इतका मोठा करायचा की सर्किटला पेलवत नाही, डायोड वरची आणि खालची शेंडी कापून टाकतात. शेंडी कापली की लाट चौकोनी व्हायला लागते, आणि चौकोनी झाली म्हणजे मूळ सुराच्या तिप्पट, पाचपट, सातपट असे सूर आपोआप तयार होतात. हे थेट १० किलोहर्ट्झच्या पार जातात. कानाला तो भाग म्हणजे नुसती खरखर. गिटारचा १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या पुढं झपकन खाली पडतो. ती त्याची उणीव वाटेल, पण मेटल टोनची अर्धी कमाई तीच आहे. खरखर तो गिळून टाकतो.

म्हणून माझा क्रम: आधी स्पीकर, मग अ‍ॅम्प, मग गिटारचा सेटअप, सगळ्यात शेवटी पेडल. लोक उलटं करतात कारण पेडल कुरिअरनं येतं आणि खिशात मावतं.

हळदीचं_पोतं
दादा, म्हणजे २० हजारांत पेडल नको, अ‍ॅम्पच घेऊ? मग डिस्टॉर्शन कुठून येणार?

(मागं बघितलं. रिटर्नबिटर्न काही नाही. हेडफोनचं भोक आहे तेवढं, आणि एक स्क्रू कमी.)

कऱ्हाडची_रिफवाली
आधी हेडफोन लावून ऐक ना. त्यातही गांधीलमाशीच असणार, आणि जास्त जोरात, कारण तिथं स्पीकरचा गाळणाराही नाही. सोल्डरवाले म्हणतात ते पाच मिनिटांत पटेल.

मी कृष्णा-कोयनेच्या काठावरून तिसरी बाजू मांडते: लॅपटॉप. इंजिनिअरिंगला आहेस म्हणजे लॅपटॉप आहेच. यूएसबी ऑडिओ इंटरफेस घे, दोन इनपुटवाला साधा. त्यावर 'न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ओपन सोर्स आहे. लोकांनी खरे अ‍ॅम्प आणि पेडलं मोजून त्यांच्या फायली करून ठेवल्या आहेत. पीव्ही ५१५० पासून मेसा बूगीपर्यंत सगळं. त्याच्यापुढं आयआर लावायचा, म्हणजे खऱ्या स्पीकरपेटीपुढं माइक ठेवून घेतलेला ठसा. व्हिंटेज ३० स्पीकरांची चार बाय बाराची पेटी मी कऱ्हाडात कुठं ठेवणार? फाईल ठेवली.

फक्त विंडोज असेल तर इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर टाक. नाहीतर तार छेडल्यावर आवाज मागून चालत येतो. बफर १२८ सॅम्पल आणि ४८ किलोहर्ट्झ ठेवलंस तर एका बाजूची दिरंगाई पावणेतीन मिलिसेकंदांच्या आसपास असते. जाणवत नाही.

वैतागलेला_शेजारी
मी गिटार वाजवत नाही. माझ्या शेजारचा वाजवतो. कृपया सगळ्यांनी हेडफोनवाल्या ताईंचं ऐका.

डाऊनपिक
@शेजारी, लोल.

@रिफवाली ताई, घरी रेकॉर्डिंगला मान्य. पण हरिपूरच्या गोडाऊनमध्ये ड्रमरपुढं लॅपटॉप उघडून बसणार का? अस्सल ड्रम सेटपुढं तुमचे दोन मल्टिमीडिया स्पीकर ऐकूसुद्धा येणार नाहीत. आणि हळदीच्या भुकटीत लॅपटॉपचा पंखा किती दिवस टिकेल?

मिरजेचा_भोपळा
मंडळी, मी सतारमेकर गल्लीतला. मेटल ऐकत नाही, मुलगा ऐकतो म्हणून कानावर पडतं. वाद्यं बनवण्याचा आमचा पिढ्यांचा धंदा. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून लोक फोटो काढायला जास्त येतात, घ्यायला तेवढेच.

सोल्डरवाल्यांनी शेंड्या कापून वरचे सूर निघतात असं लिहिलं, तिथं थांबलो. आम्ही जवारी काढतो म्हणजे वेगळं काय करतो? घोडीचा माथा कानसेनं असा घासायचा की तार एका कडेवर उभी न राहता उतारावर हलकी टेकत, सुटत राहते. त्यातून वरचे स्वर उमलतात. जवारी फार खुली झाली तर नुसती झणझण येते आणि मूळ स्वर हरवतो. फार बंद झाली तर तंबोरा मुका. गवय्या बदलला की जवारी बदलते. पुरुष गायकाचा तंबोरा वेगळा, बाईंचा वेगळा. मुलाला मी एवढंच विचारतो, की तुझ्या त्या डिस्टॉर्शनच्या नॉबला तू सगळ्यांसाठी एकच जागा कशी काय देतोस?

आता माझी शंका. तो दोन तारांचा जो खणखणीत आवाज काढतो, सा-प सारखा, तो कितीही डिस्टॉर्शन लावलं तरी नीट लागतो. त्यात गंधार घातला की चिखल होतो. हे असं का? तंबोऱ्यात तर खर्जाच्या तारेतून गंधार आपला आपण उमटतो, स्वयंभू, आणि तिथं तो किती गोड लागतो.

सोल्डरवाला
काका, दंडवत. या धाग्यावरचा सगळ्यात चांगला प्रश्न तुम्ही विचारलात. सविस्तर सांगतो, ज्यांना पेडलची खरेदीच करायची आहे त्यांनी खाली सरकावं.

डिस्टॉर्शनमध्ये दोन सूर एकत्र गेले की फक्त त्यांचे वरचे सूर निघत नाहीत. दोघांची बेरीज आणि वजाबाकीसुद्धा निघते. खालची ई ८२.४ हर्ट्झ, तिचा पंचम बी १२३.५. वजाबाकी ४१ च्या आसपास, म्हणजे बरोबर एक सप्तक खालची ई. जो सूर तुम्ही वाजवलाच नाही तो खालून आधार देतो. पॉवर कॉर्ड (सा-पची ही जोडी) भक्कम वाटतो त्याचं हे कारण.

आता गंधार. तुमचा स्वयंभू गंधार हा खर्जाच्या पाचपट सुरातून येतो, शुद्ध ५:४ च्या नात्याचा. गिटारच्या पट्टीवरचे पडदे मात्र समान अंतराच्या हिशोबानं ठोकलेले असतात. पंचम त्यात जवळपास बरोबर बसतो, २ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) इकडं तिकडं. गंधार मात्र १४ सेंट चढा. साध्या आवाजात ते खपून जातं. डिस्टॉर्शननं वरचे सूर मोठे केले की लपत नाही: ईचा पाचवा स्वर ४१२ वर, गंधाराचा चौथा ४१५ च्या थोडा वर, दोघं एकमेकांवर आपटून सेकंदाला तीनेक हेलकावे घेतात. असे हेलकावे प्रत्येक जोडीचे, त्यात बेरजा-वजाबाक्यांची गर्दी. तोच चिखल. म्हणून मेटलवाले गंधार टाळतात किंवा तो दुसऱ्या गिटारला वेगळ्या अ‍ॅम्पमधून वाजवायला देतात. वेगळ्या अ‍ॅम्पमध्ये गेला की दोन्ही सूर एकाच सर्किटमध्ये भांडत नाहीत.

आणि म्हणूनच गेन, म्हणजे सिग्नल किती फुगवायचा ते, जितका कमी तितके कॉर्ड स्पष्ट. रेकॉर्डवर ऐकू येणारी ती भिंत एकाच गिटारची नसते. एकच रिफ पुन्हा पुन्हा वाजवून डाव्या-उजव्या बाजूला लावलेली असते. घरी एका गिटारवर ती जाडी आणायला लोक गेन वाढवत जातात, आणि जाडी येत नाही, धूर येतो.

मिरजेचा_भोपळा
गिटारच्या पडद्यांची गोष्ट उलगडली. सतारीचे पडदे आम्ही दोऱ्यानं बांधतो ते का, हे आता मुलाला समजेल. पडदा सरकवता येतो.

हळदीचं_पोतं
काका, दादा, दोघांना साष्टांग. हे आमच्या सिग्नल प्रोसेसिंगच्या तासाला असं कुणी शिकवलं असतं तर जागा राहिलो असतो.

चेनसॉ_सातारकर
इतका वेळ झाला आणि एन्टूम्डचं कुणी नावच घेईना म्हणून आत आलो.

बॉस एचएम-२ पेडल. १९८३ ते १९९१. आधी जपानात बनायचं, नंतर तैवानात. स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत या पेडलचे चारही नॉब उजवीकडं टोकाला नेऊन जो आवाज काढला तो स्वीडिश डेथ मेटलचा आवाज. एन्टूम्डचा पहिला अल्बम १९९० चा. बॉसनं २०२१ मध्ये वाझा क्राफ्ट या मालिकेत ते परत आणलं. खिसा हलका असेल तर बेहरिंगरचं एचएम३००, प्लॅस्टिकचं खोकं आहे, पाय हळू ठेवायचा.

सोल्डरवाल्यांचं गेन कमी ठेवायचं तत्त्व इथं लागू नाही. चार नॉब, चारही फुल्ल. वाद संपला.

सोल्डरवाला
वाद संपला नाही. एचएम-२ च्या 'हाय' नॉबचं सर्किट बघा. नाव हाय असलं तरी तो उचलतो १ किलोहर्ट्झच्या आसपासचं. म्हणजे सगळे नॉब फुल्ल केल्यावर तुम्ही मिडच ढिगानं वाढवलेला असतो. करवतीसारखा कुरकुराट तिथूनच येतो. तुम्ही नकळत माझंच म्हणणं सिद्ध केलंत.

चेनसॉ_सातारकर
नकळत का होईना, नॉब फुल्लच आहेत ना?

(पिंक फ्लॉइडच्या गिल्मोरनंही हे पेडल वापरलंय. ते काही चार नॉब फुल्ल करत नसावेत.)

कृष्णाकाठचा_बास
बेसवाल्याचं कुणी ऐकत नाही, तरी लिहितो.

सरावाला गिटारवाल्यांचा खालचा आवाज माझ्या अंगावर येतो. त्यावर उपाय ट्यूब स्क्रीमर, हिरवं पेडल. टीएस-९ घ्या, नाहीतर टीओ८०० सारखी स्वस्त नक्कल. मेटलमध्ये ते डिस्टॉर्शनसाठी लावतच नाहीत. ड्राइव्ह शून्य, लेव्हल फुल्ल, टोन मध्यावर, आणि हे आधीच चढलेल्या अ‍ॅम्पच्या पुढं. ते खालचा बेस कापतं आणि ७२० हर्ट्झच्या आसपास उचलतं. बेस कापून मग डिस्टॉर्शन केलं की पाम म्यूट (तळहातानं तारा दाबून काढलेले ठोके) ठक-ठक-ठक असे सुटे ऐकू येतात. बेस तसाच आत गेला तर पहिला ठोका संपायच्या आत दुसरा त्याच्यावर चढतो. वजन हवं असेल तर डिस्टॉर्शननंतर ईक्यूवर (पट्ट्यापट्ट्यानं आवाज कमीजास्त करायची सोय) वाढवा. आधी कापा, नंतर वाढवा.

मेटॅलिकाचा ८६ चा आवाज मेसा बूगी मार्क २सी+ चा. त्याच्या तोंडावरच्या पाच पट्ट्यांच्या ईक्यूत मधली ७५० ची पट्टी खाली ओढलेली असते, ती बघून जग मिड काढायला शिकलं. पण ती पट्टी गेनच्या नंतर येते. आत जाणारा सिग्नल बेस कापलेला, मिडनं भरलेला असतो. हे अर्धवट बघून पोरं गेनच्या आधीच मिड काढतात.

डाऊनपिक
बासभाऊ +१. वाचनखूण साठवली.

पण आता ट्यूब (नळ्यांच्या) अ‍ॅम्पचा विषय निघालाच पाहिजे. कितीही म्हणा, ५१५० किंवा जेसीएम ८०० च्या नळ्यांची मजा ट्रान्झिस्टरला नाही.

सोल्डरवाला
मजा असेल. २० हजारांत नाही, आणि विश्रामबागेत तर अजिबात नाही. जेसीएम ८०० चा मास्टर वर चढवल्याशिवाय तो बोलत नाही, आणि चढवला की घरमालक बोलतात. ५० वॉटचा अ‍ॅम्प १०० च्या निम्म्या आवाजाचा असतो हाही गैरसमज. फरक ३ डेसिबल, कानाला जेमतेम जाणवेल एवढा. दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॉट लागतात.

आणि ट्रान्झिस्टर कमी, हे पँटेराच्या डाइमबॅगला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचे रँडल सॉलिड स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टरचेच, होते.

दुसरं म्हणजे, अमेरिकेतनं कुणाच्या तरी भाच्यानं आणलेला अ‍ॅम्प स्वस्तात मिळतो म्हणून उचलू नका. मागं किती व्होल्ट लिहिलंय ते वाचा. १२० लिहिलं असेल तर आपल्या २३० ला थेट लावलात की धूर. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, तोही अ‍ॅम्पच्या वॉटेजला पुरून उरेल असा.

वीज निघालीच आहे तर सांगतो. माझ्याकडं येणाऱ्या 'पेडल खराब झालं'च्या तक्रारींत पेडल ठीकच असतं बऱ्याचदा. एका ॲडॅप्टरवर पाच पेडलं साखळीनं जोडलेली, त्यात एक डिजिटल. मग चिर्रर्र. डिजिटलला वेगळा ॲडॅप्टर द्या. बॉसच्या पेडलांना ९ व्होल्ट, मधली पिन ऋण. मोबाइलवाल्याकडचा कुठलाही ॲडॅप्टर खुपसू नका. लाइट गेल्यावर जुन्या चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरवर वाजवाल तर गुणगुण वाढणारच, त्यात अ‍ॅम्पचा दोष नाही.

आणि हे मोठ्या अक्षरांत वाचा: गुणगुण जावी म्हणून अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढायची नाही. जुन्या वाड्यांत, गोडाऊनमध्ये दोन पिनांचे बोर्ड असतात, मग कुणीतरी शहाणा पिन कापतो. तारा धातूच्या, हात घामेजलेला, आणि पुढं माइक. इलेक्ट्रिशियनला बोलवा, अर्थिंग करून घ्या, मग वाजवा. हरिपूरच्या गोडाऊनचं आधी हे बघ बाळा, पेडल नंतर.

हळदीचं_पोतं
दादा, विचारलं. ड्रमरचे बाबा म्हणाले, बोर्डाला अर्थिंग आहे, महापुरानंतर सगळं वायरिंग नव्यानं केलंय. तरी टेस्टर घेऊन बघणार आहे.

घरात खोलीत गुणगुण येते. गिटारला हात लावला की कमी होते, सोडला की वाढते. हे काय भूत?

सोल्डरवाला
भूत नाही. हात लावल्यावर कमी होणं बऱ्याच गिटारना होतं, तारा घोडीमार्फत सर्किटच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात आणि तू स्वतः ॲंटेना असतोस. फार वाढत असेल तर खोलीतला पंख्याचा रेग्युलेटर, ट्यूबलाइट, मोबाइलचा चार्जर बंद करून बघ. हात लावल्यावर *वाढत* असेल तर घोडीची तार सुटली आहे, घेऊन ये.

डाऊनपिक
गेनमध्ये गुणगुण राहतेच थोडी. रिफच्या मध्ये शांतता हवी तर नॉइज गेट (सूर थांबला की आवाज बंद करणारं पेडल). बॉस एनएस-२ ला चार जॅक आहेत, सेंड-रिटर्नही. डिस्टॉर्शन त्या सेंड-रिटर्नमध्ये बसवायचं, म्हणजे गेट गिटारच्या स्वच्छ सिग्नलवर निर्णय घेतो, बिघडलेल्यावर नाही. नुसतं शेवटी लावलं तर लांब सूर मध्येच कापतो. पण हे नंतरचं. आधी डाव्या हातानं तारा दाबून बंद करायला शिक, तो गेट फुकट आहे.

कऱ्हाडची_रिफवाली
आता मुद्द्यावर येऊ या, पोराचे २० हजार.

मी परत हिशोब केला. नवा मोठा अ‍ॅम्प बसत नाही. वापरलेला बॉस कटाना ५० सांगली-कोल्हापूर-पुण्यात मिळाला तर सगळ्यात सोयीचा. १२ इंची स्पीकर, आत मॉडेलिंग, 'ब्राउन' आवाजावर मेटल बऱ्यापैकी होतं, आणि पॉवर अर्ध्या वॉटवर उतरवता येते. हेडफोन, यूएसबी, दोन्ही आहे. घरमालकही खूश, गोडाऊनही खूश. पुढं एखादं हिरवं पेडल. मेटल झोन नकोच.

डाऊनपिक, गोडाऊनमधल्या लॅपटॉपचा तुझा मुद्दा मान्य. पण वापरलेला कटाना नाहीच मिळाला तर मात्र माझं तेच: मल्टिइफेक्ट्स (एका खोक्यात बरीच पेडलं) किंवा इंटरफेस, आणि गोडाऊनसाठी भाड्यानं एखादा पॉवर्ड स्पीकर.

स्टेजवरचा_माइकवाला
सातारा. मंडळांची, गॅदरिंगची साउंडची कामं करतो. डॉल्बीवाला म्हणा हवं तर.

गॅदरिंगचं कुणीच विचारात घेतलं नाही. पोरं येतात, पेडलचा जॅक सरळ माझ्या मिक्सरमध्ये खुपसतात आणि म्हणतात, काका, मेटल. माझ्या टॉपमध्ये हॉर्न असतो, तो १५ किलोहर्ट्झपर्यंत वाजवतो. सोल्डरवाल्यांनी लिहिलेली ती सगळी खरखर गाळल्याशिवाय पुढच्या रांगेवर पडते. प्राचार्य पहिल्या रांगेत.

दोनच मार्ग. मल्टिइफेक्ट्स असेल तर त्यातलं कॅब सिम्युलेशन (स्पीकरपेटीची नक्कल) चालू करून लाइन द्या. अ‍ॅम्प असेल तर मी स्पीकरपुढं एसएम५७ माइक लावतो. मधल्या टोपीच्या नेमक्या समोर लावला तर आवाज टोचतो, कडेकडं सरकवला तर जाड होतो. टोपीची कड आणि कागदाची कड यांच्या मध्ये सुरुवात करायची. चॅनेलवर १०० च्या खालचं कापतो, ७-८ किलोहर्ट्झच्या वरचंही. बास.

आणि मिडबद्दल शंका असेल त्यानं बेंजो पार्टी ऐकावी. ताशे, ढोल, ऑक्टोपॅड, कीबोर्ड, एवढ्या गदारोळात बेंजो चार गल्ल्या पलीकडं स्पष्ट ऐकू येतो. साधा पिकअप, अहुजाचा अ‍ॅम्प फुटेपर्यंत चढवलेला, कर्णा. त्यात बेस नाही आणि वरचं नाही, नुसता मिड. आमच्याकडचे बेंजोवाले कित्येक गिटारवाल्यांपेक्षा चांगला टोन काढतात, त्यांना फक्त ते सांगत कुणी नाही.

चेनसॉ_सातारकर
बेंजो + एचएम-२. कुणीतरी करा रे हे. वर्गणी मी काढतो.

वैतागलेला_शेजारी
करू नका.

हळदीचं_पोतं
अपडेट. मिरजेतल्या एकाकडं कटाना होता, रविवारी गोडाऊनमध्ये आणून दोघांनी वाजवलं. माझा छोटा अ‍ॅम्पही शेजारी ठेवला होता. त्याच्याकडचं मेटल झोन आधी छोट्याला लावलं, मग कटानाला. तेच पेडल, त्याच सेटिंग्ज, आणि जमीन-अस्मानाचा फरक. मग मेटल झोन काढून बासभाऊंचं सांगितलेलं हिरवं पेडल लावलं, ड्राइव्ह शून्य, आणि अ‍ॅम्पचा गेन मी नेहमी ठेवतो त्याच्या निम्म्यावर आणला. घरी हे पातळ वाटलं असतं. ड्रम सुरू झाल्यावर गिटार जागेवर आली. ड्रमर म्हणाला, आज पहिल्यांदा तू काय वाजवतोयस ते कळलं. त्यावर मी खूश व्हावं की कसं ते ठरलेलं नाही.

तो कटाना विकायला तयार आहे, बोलणी चालू. एक अडचण राहिलीय. आम्ही ड्रॉप सीला उतरलो (सगळ्या तारा खाली, सगळ्यात जाडी सी वर). ९-४२ (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) च्या तारा रबरासारख्या लोंबतात. १०-५२ आणल्यात, पण जाडी तार नटच्या (मानेच्या टोकाची पट्टी) खाचेत बसत नाही, वरच राहते, आणि सुरात लावताना टक् करून उडी मारते.

डाऊनपिक
ड्रॉप सीला १०-५२ चालेल, पुढं ११-५६ करून बघ. खालची सी ६५ हर्ट्झ, तिला ताण हवाच. ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीचं उलटं होतं. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात बोटांची टोकं गेली म्हणून त्यानं तारा हलक्या केल्या आणि १९७१ पर्यंत सूर सी शार्पपर्यंत खाली आणला, बोटांना ताण कमी पडावा म्हणून. तुझी बोटं शाबूत आहेत, जाड तारा लाव.

सोल्डरवाला
आयोमीची बोटं शीट मेटलच्या मशीनवर गेली. कुपवाडात प्रेसवर काम करणाऱ्यांनी गार्ड काढून काम करू नका, टोन तसा येत नाही.

मिरजेचा_भोपळा
नट म्हणजे आमचं तारगहन. खाच तारेच्या जाडीइतकीच हवी, तळ गोल, आणि खुंट्यांच्या बाजूला किंचित उतरती. अरुंद खाचेत जाडी तार अडकते आणि ताण वाढला की सुटते, तीच तुझी टक्. पॉलिशपेपर घालून रुंद करू नकोस, भिंती वाकड्या होतात आणि मोकळी तार झणझणते. तिथं जवारी नको आहे. गोल कानस लागते, तारेच्या मापाची. खोल करायची नाही, फक्त रुंद. तोवर खाचेत पेन्सिलीचं शिसं घासून ठेव.

तारा जाड केल्या की मानेवरचा ताण वाढतो. मान वाकते का ते बघावं लागेल, आणि घोडीवरच्या सहाही खोगिरांची जागा मागंपुढं करावी लागेल, नाहीतर बाराव्या पडद्यावर सूर चढा बोलेल. गिटार घेऊन दुकानात ये, गुरुवार सोडून. जुन्या तारा काढू नकोस, तशीच आण, आधी मान कशी आहे ते बघू.

हळदीचं_पोतं
येतो काका, शुक्रवारी. कॉलेज सुटल्यावर चारला चालेल का?

मिरजेचा_भोपळा
पाचनंतर ये. चारला मुलगा वाजवत असतो, मला काही ऐकू येत नाही.